रेडिओ सत्रांचा अल्बम: कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी

तुमचा प्रश्न असा: बँडची 1996 ते 2003 मधली चार रेडिओ सत्रं सहा कॅसेटवर आहेत. दोन कॅसेट स्टेशनातून मिळालेल्या, बाकीच्या घरी रेडिओवरून टेप केलेल्या, त्यातली एक 2019 च्या पुरात भिजलेली. यातून अल्बम निघेल का, आणि आवाज साफ करायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

अल्बम नक्की निघेल. सॉफ्टवेअरचा विचार मात्र सगळ्यात शेवटी करा, कारण टेप वाजवताना जे हातून गेलं ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

घरी टेप केलेल्या कॅसेटना कमी लेखू नका. बीटल्सनी 1962 ते 1965 या काळात बीबीसी रेडिओवर 275 वेळा गाणी सादर केली. त्यातल्या बऱ्याच टेप बीबीसीने ठेवल्याच नव्हत्या, म्हणून 1994 च्या संग्रहात काही ठिकाणी श्रोत्यांनी घरी केलेली रेकॉर्डिंग वापरावी लागली. तुमच्याकडेही एकच सत्र दोन कॅसेटवर असेल, तर दोन्ही ट्रान्सफर करा, म्हणजे वाजवून संगणकात घ्या, आणि गाण्यागणिक चांगलं ते निवडा.

काम दिवाळीनंतर काढा. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत कॅसेट उघडणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडला (डेकमधला टेप वाचणारा भाग) लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. आधी दोन आठवडे सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवा, मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका. पुरातल्या कॅसेटचं कवच उघडून टेप नव्या, पाच स्क्रूच्या कवचात हलवा. गाळ चिकटला असेल तर डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि सावलीत वाळवा. ऊन किंवा हेअर ड्रायर वापरलात तर टेप वाकडी होते. जुनी टेप ओव्हनमध्ये भाजायचा सल्ला कुणी देईल. तो 1970–80 च्या काही रीळ टेपसाठी आहे, तुमच्या कॅसेटसाठी नाही.

डेकचे हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारी धातूची बारीक दांडी) 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं), टेप कॅपस्टनवर दाबून धरणारा रबराचा पिंच रोलर फक्त साबणाच्या पाण्याने. रोलर काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर बदलावाच लागेल. आयता मिळाला नाही तर जुना नमुन्याला घेऊन उद्यमनगरातल्या कारखान्यांत चौकशी करा, पण गोलाई तंतोतंत हवी, नाहीतर सूर डुलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, अ‍ॅझिमथ, म्हणजे टेपवर हेड बसतो तो कोन. ज्या डेकवर टेप झाली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन जुळला नाही, तर झांजा आणि ‘स’, ‘श’ बोथट होतात. लोक मग इक्वलायझरने ट्रेबल चढवतात आणि नुसती खरखर वाढते. दोन्ही चॅनेल मोनो करून ऐका आणि हेडशेजारचा स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवा. वरचे सूर सगळ्यात स्वच्छ येतील तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूसाठी वेगळं करायचं, आणि डॉल्बी (डेकमधली खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवून. टेप डॉल्बीत झाली होती का, याची खात्री नसेल तर एक ट्रान्सफर डॉल्बी लावून आणि एक न लावता करा.

रेकॉर्डिंग 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर घ्या, सर्वात मोठा आवाज −6 डीबीच्या खाली राहू द्या. 45 मिनिटांच्या एका बाजूला साधारण 1.55 जीबी लागतं. ही मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा आणि पुढची सगळी कामं कॉपीवर करा.

वेग तपासताना बरेच जण फसतात. टेपवरची 50 हर्ट्झची गुणगुण मोजून वेग ठरवायचा सल्ला युरोपात चालतो. आपल्याकडे तेव्हा विजेची फ्रिक्वेन्सी बरीच खालीवर व्हायची, त्यामुळे ते माप धरू नका. स्टेशन स्टिरिओ एफएम असेल आणि घरच्या डेकवर एमपीएक्स फिल्टर (हाच 19 किलोहर्ट्झचा सूर गाळणारा) बंद असेल, तर स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या फ्रिक्वेन्सीच्या आलेखात, 19 किलोहर्ट्झला एक बारीक सरळ रेघ दिसू शकते. ती स्टेशनची पायलट रेघ, म्हणजे स्टिरिओसाठी स्टेशन सोडतं तो ठरलेला सूर, ती पक्की असते. ती 19,190 वर दिसली तर टेप 1 टक्का वेगात वाजतेय. रेघ नसेल तर ठरलेल्या सुराचं वाद्य, म्हणजे कीबोर्ड, शोधा. गिटारवर विसंबू नका, अर्धा सूर उतरवून लावलेली असू शकते.

खरखर 6 ते 8 डीबीच कमी करा. त्यापुढे गेलात की झांजेची शेपटी पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येते. एफएमवर 15 किलोहर्ट्झच्या वर संगीत नसतंच, तिथे चढवायला काही नाही. प्रक्षेपणात आवाज आधीच दाबलेला असतो, त्यावर पुन्हा लिमिटर (मोठा आवाज दाबणारं साधन) चढवला तर ड्रम चपटे होतात. चार सत्रांचा आवाज एकसारखा करू नका, फक्त गाण्यांची पातळी कानाला जुळवा. वेगळी खोली, वेगळा दिवस ऐकू यावा म्हणून तर लोक असा अल्बम घेतात. तेच गाणं दोनदा आलं तरी चालतं: लेड झेपलिनच्या 1997 च्या बीबीसी संग्रहात पहिल्या सीडीवर एक गाणं तीनदा आहे.

हक्कांचं आधी बघा. स्टेशनात झालेल्या रेकॉर्डिंगचा मालक सहसा ते करवून घेणारा असतो, गाणं तुमचं असलं तरी. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षं, प्रसारण संस्थेचा 25 आणि कलाकाराचा 50 वर्षं चालतो. त्यामुळे तेव्हाचा करार शोधा आणि स्टेशनकडून लेखी परवानगी घ्या. त्यात निवेदकाच्या आवाजाचा उल्लेख वेगळा करून घ्या. दुसऱ्यांची गाणी असतील तर त्यांच्या शब्द-संगीताची परवानगी वेगळी लागते. सोडून गेलेल्या ड्रमरचीही सही घ्या, हक्क त्याचाही आहे.

पुस्तिकेत प्रत्येक गाण्याखाली रेकॉर्डिंगची तारीख आणि प्रसारणाची तारीख वेगवेगळी छापा, आणि ते गाणं स्टेशनच्या कॉपीवरून घेतलंय की रेडिओवरून टेप केलेलं आहे तेही.