आभाराची वही रटाळ का होते?

प्रश्न : रोज रात्री पाच आभार लिहिते. आठवड्याभरात 'घर, नवरा, तब्येत' हेच फिरून येतं. काय चुकतंय? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : ताई, नोंद मोघम आहे. पाचाऐवजी एकच लिहा, पण कोणी, काय, कधी हे धरून : 'शेजारच्या काकूंनी दुपारी कूलरच्या टाकीत पाणी भरलं, म्हणून संध्याकाळी खोली गार मिळाली.' तो 'म्हणून' हवाच. (काकूंना तोंडीही सांगा, त्या तुमची वही वाचत नाहीत!) वही उशाशी नको, झोप आड येते, चहा-साखरेच्या डब्यांजवळ पेनासकट ठेवा. रोजचा हट्टही नको. एमन्स आणि मॅकलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३च्या अभ्यासात एका गटाने आठवड्यातून एकदाच, दहा आठवडे लिहिलं. तरी फरक दिसला. खाडा पडला तर मागचे दिवस भरत बसू नका.