सरावात येणारी वेळ स्पर्धेत जाते कुठे?

“मॅडम, सरावात जमतं. स्पर्धेत जमत नाही.”

हे वाक्य मी इतक्या खेळाडूंकडून ऐकलं आहे की आता समोरच्याने ‘सरावात’ एवढं म्हटलं की उरलेलं मी मनातल्या मनात पूर्ण करते. खेळाडूंच्या मनाच्या अडचणींवर मी काम करते. जलतरणपटू येतात, धावपटू येतात, नेमबाज येतात. सोबत आलेल्या आईवडिलांचा निष्कर्षही ठरलेला असतो: “हिचा आत्मविश्वास कमी पडतो, तेवढा वाढवून द्या.”

मला तो निष्कर्ष सहसा पटत नाही. का पटत नाही, ते एका सायकलपटूच्या निमित्ताने सांगते. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं मोजक्या प्रसंगांत आणलं आहे.

ती एकोणीस वर्षांची, ट्रॅकवरची स्प्रिंटर. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना थोडं समजावून द्यायला हवं, कारण तिच्या अडचणीची गुरुकिल्ली खेळाच्या रचनेतच होती. व्हेलोड्रोमचा, म्हणजे सायकल शर्यतींच्या खास मैदानाचा, ट्रॅक सहसा २५० मीटरचा, वळणांवर ४२ ते ४५ अंशांपर्यंत तिरका. सायकलला ब्रेक नसतो आणि चाक फिरतंय तोवर पाय थांबवता येत नाहीत. स्प्रिंट स्पर्धेची सुरुवात ‘फ्लाइंग दोनशे’ने होते. खेळाडू एकटाच साधारण साडेतीन फेऱ्या मारतो, त्यातल्या फक्त शेवटच्या २०० मीटरची वेळ घेतली जाते. आधीच्या फेऱ्यांत तो हळूहळू वर, अगदी रेलिंगपाशी चढतो, तिथून उताराचा फायदा घेत खाली झेपावतो आणि तळाच्या काळ्या व लाल रेषेमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात शिरतो. ही क्वालिफाइंग फेरी, तिच्या वेळेवरून क्रमवारी लागते. नंतर मॅच स्प्रिंट: दोघं समोरासमोर, तिथे घड्याळाला किंमत नाही, जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला.

पहिल्या भेटीत वडिलांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. “ही सरावाची पानं, ही स्पर्धांची. तुम्हीच बघा.” सरावात ११.२ सेकंद, एखाद्या दिवशी ११.१. स्पर्धेत ११.५, ११.६. वाचायला हा फरक किरकोळ वाटतो, पण त्या वेगाला ०.४ सेकंद म्हणजे सात मीटरच्या आसपास.

“तुला स्वतःला काय वाटतं?” मी तिला विचारलं.

“मी मनाने कच्ची आहे.”

“हे कोण म्हणालं?”

“वहीच म्हणते ना, मॅडम.”

“मॅच स्प्रिंटमध्येही असंच होतं?”

“नाही. तिथे माझ्यापेक्षा चांगल्या वेळेच्या मुलींना मी हरवलंय.”

“त्याचा उपयोग काय?” वडील मध्येच म्हणाले. “क्वालिफाइंगला मागे पडते, मग पहिल्याच लढतीत सगळ्यात तगडी मुलगी समोर येते.”

माझे कान टवकारले. मॅच स्प्रिंटमध्ये सायकल जवळजवळ जागच्या जागी उभी धरून प्रतिस्पर्ध्याला आधी निघायला भाग पाडतात. तिथे जी थांबू शकते, तिला मनाने कच्ची कोण म्हणेल? अशा मुलीला मी “तू करू शकतेस, स्वतःवर विश्वास ठेव” असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? करू शकते म्हणजे करायलाच हवं, अशी आणखी एक सक्ती तिच्या डोक्यावर बसली असती. आत्मविश्वास वाढवण्याच्या नावाखाली हेच सर्रास चालतं, म्हणून मला त्या शब्दाची जरा धास्तीच आहे.

पुढच्या भेटीत मी तिला जिंकलेली एक लढत सांगायला लावली. ती बोलायला लागली ती थांबेचना. समोरच्या मुलीने दोनदा उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं नाही, त्याच क्षणी हिने वरून उडी घेतली. तिच्या चाकाचा आवाज, तिच्या मागे शिरल्यावर पायांवरचा हलका झालेला भार, शेवटच्या वळणात आपलं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाला लागू नये म्हणून ठेवलेलं अंतर. सगळं जसंच्या तसं.

“आता गेल्या स्पर्धेतली दोनशे मीटरची फेरी सांग.”

“११.६१ आली.”

“वेळ नको. फेरी सांग.”

ती गप्प झाली. आठवायचा प्रयत्न करत होती, पण हाताला काही लागत नव्हतं. अशा वेळी मदत करायचा मोह होतो. तो आवरणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आणि ते मी मेहनतीने कमावलं आहे, एवढं म्हणायला हरकत नसावी. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “वर रेलिंगपाशी असताना मनात एकच असतं. एकदाचं होऊन जाऊ दे.”

“आणि मग?”

“मग मी सुटते.”

“ठरलेल्या जागेवरून?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “नाही,” ती सावकाश म्हणाली. “आधीच.”

तिचे कोच अनेक महिने हेच सांगत होते. स्पर्धेत तिची पहिल्या शंभर मीटरची वेळ सरावाइतकीच, कधी त्याहून चांगली असायची आणि दुसऱ्या शंभरात सगळं निसटायचं. वरच्या वळणावर ती अर्धं वळण आधीच जोर लावायची, म्हणजे शेवटच्या पन्नास मीटरसाठी राखायची ताकद घड्याळ सुरू होण्याआधीच खर्च व्हायची. कोचना ही तंत्रातली चूक वाटत होती, वडिलांना मनाचा कमकुवतपणा. माझ्या मते ती घाई होती, आणि तीही जिंकण्याची नव्हे, निकाल कळण्याची. वाट बघणं असह्य झालं की माणूस निकाल जवळ ओढायला बघतो, मग तो वाईट का असेना.

वाट बघणं असह्य का होतं? मी ज्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते तिचा गाभा असा की प्रसंग माणसाला अस्वस्थ करत नाही, प्रसंगाकडे आपण जी मागणी लावून धरतो ती करते. ११.२ यावी ही इच्छा झाली. ११.२ आलीच पाहिजे, नाहीतर मी फुकट, वडिलांनी घेतलेले कष्ट फुकट, ही मागणी. मॅच स्प्रिंटमध्ये तिची मागणी समोरच्या मुलीच्या खांद्यामागे झाकली जायची, डोळ्यांना काम असायचं. दोनशे मीटरला ट्रॅकवर कोणीच नसतं. डोळे रिकामे, आणि मन स्वतःची झडती घेत बसलेलं.

शिवाय ही मागणी ती एका भलत्याच गोष्टीकडे करत होती. या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवा उबदार किंवा विरळ असेल तर वेळ सुधारते, हवेचा दाब वाढला तर बिघडते. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटनचा ट्रॅक सायकलपटू मॅथ्यू रिचर्डसनने फ्लाइंग २०० मीटरला पहिल्यांदा ९ सेकंदांच्या आतली वेळ दिली, ८.९४१, आणि दुसऱ्या दिवशी ८.८५७. या दोन्ही वेळा त्याने तुर्कस्तानात कोन्याच्या उंचावरच्या ट्रॅकवर दिल्या. २००७ साली ब्रिटनचाच सायकलपटू क्रिस हॉय एक किलोमीटरच्या जागतिक विक्रमासाठी बोलिव्हियात ला पाझला गेला, तोही विरळ हवेसाठीच. ५८.८८० सेकंद. विक्रम होता ५८.८७५. एका किलोमीटरमध्ये आठ-नऊ सेंटीमीटर कमी पडले. त्याच दौऱ्यात त्याने फ्लाइंग ५०० मीटरचा विक्रम मात्र केला.

हे तिला सांगितल्यावर ती फटकन म्हणाली, “म्हणजे वेळ वाईट आली की हवेवर ढकलायचं?”

“नाही. वेळ चांगली आली तरी थोडं श्रेय हवेला द्यायचं. तुझ्या हातात काय उरतं ते बघ.”

तिने मोजलं: रेलिंगपाशी कुठवर थांबायचं, कुठून जोर लावायचा, लाल रेषेच्या आत कुठे शिरायचं, आणि शेवटच्या वळणात डोकं खाली ठेवायचं. वेळ ‘करता’ येत नाही. थर्मामीटरकडे बघत राहून ताप उतरत नाही, तसंच हे.

मग कोचशी बोलून काही गोष्टी ठरल्या. रेलिंगवरची एक खूण नक्की झाली. ती येईपर्यंत डोळे तिच्यावर आणि तिच्यानंतर लाल रेषेवर. सरावात कोचनी वेळ लगेच सांगायची नाही, सत्र संपल्यावर सांगायची, आणि त्याआधी ‘फेरी कशी झाली’ हे तिने सांगायचं. सुरुवातीला ती चिडायची. ‘एकदाचं होऊन जाऊ दे’ हा विचार हाकलायचा नाही, असंही ठरलं. तो आला की समजायचं, खूण अजून यायची आहे. ही युक्ती तिचीच होती, माझी नव्हे, आणि मला ती फार आवडली.

सगळ्यात वाईट शक्यतेची उजळणीही आम्ही केली. हॉयची २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधली एक किलोमीटरची शर्यत त्यासाठी मी नेहमी वापरते. तिथे एकेक खेळाडू घड्याळाविरुद्ध धावतो. मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्ह पीटर्सनी त्याला आधीच विचारलं होतं: तुझ्या जरा आधी कोणी विक्रम मोडला तर काय करशील? हॉय शेवटी उतरणार होता. त्याच्या आधीचे खेळाडू एकामागोमाग एक चांगल्या वेळा देत गेले आणि फ्रान्सच्या आर्नो तूर्नांने १ मिनिट ०.८९६ सेकंद दिले. हॉयचा बेत बदलला नाही. १ मिनिट ०.७११, सुवर्णपदक. मी तिला विचारलं, “तुझ्या आधीच्या मुलीने दहा सेकंद दिले तर?” ती म्हणाली, “तरी खूण तिथेच असेल.”

वडिलांशी मी वेगळं बोलले. “शर्यत झाल्यावर तुमचा पहिला प्रश्न काय असतो?”

“किती आली? दुसरं काय विचारणार?”

“वेळ तर पाटीवर दिसतेच. जे पाटीवर दिसत नाही ते विचारा.”

ते जरा दुखावले. एवढ्या वर्षांची वही, तिची किंमत मी जाणते. पण अशा वहीत उजवीकडे एक रकाना मोकळा ठेवायला मी सगळ्याच पालकांना सांगते आणि तिथे मुलाचं एक वाक्य लिहायला सांगते. कुठे थांबलो, कुठे सुटलो. आकड्यांच्या शेजारी शब्द आले की घरातलं बोलणं बदलतं, हे मी वारंवार पाहिलं आहे. ज्यांना हे जमत नाही त्यांनी निदान परतीच्या प्रवासात निकालाचा विषय काढू नये. खेळाडूला काढायचा असेल तर तो काढेल.

पुढच्या स्पर्धेत तिने ११.३ दिली. सरावापेक्षा अजून मागेच, पण दोन्ही शंभर मीटर सरावातल्या प्रमाणात झाले होते. तिने फोनवर मला आधी खुणेबद्दल सांगितलं, मग लाल रेषेबद्दल, आणि वेळ मलाच विचारावी लागली. क्रमवारीत वर आल्यामुळे पहिली लढत सोपी गेली.

दुसरी मात्र ती हरली, आणि त्यातून नवीनच गोष्ट निघाली. “मॅडम, रेषेवर उभी असताना समोरच्या मुलीची क्वालिफाइंगची वेळ आठवली. ११.०. मग तिचा खांदा दिसेनाच.” घड्याळ आता मॅच स्प्रिंटमध्ये शिरलं आहे. सध्या आमचं काम त्यावर चालू आहे.