‘बेड नाही’ असं मीच म्हटलं

“वरून सांगितलं म्हणून पेशंटला परत पाठवलं, तर पाप कुणाचं?” माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या नर्सेस हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. ज्या सिस्टरबद्दल लिहितेय (ओळख पटेल असे तपशील बदललेत), त्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला होत्या. अकरा वर्षांची नोकरी.

रात्री अडीचला रिक्षातून एक माणूस आणला, छातीत दुखतंय म्हणून. ईसीजी काढला. पट्टी बघून आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, “डिपॉझिट नाहीये त्यांच्याकडे. बेड नाही म्हणून सांगा.” आयसीयूतला चार नंबर रिकामा होता. संध्याकाळी पेशंट वॉर्डात हलवल्यावर त्याची चादर सिस्टरनीच बदलली होती. तरी त्यांनी सांगितलं, बेड नाही. रिक्षा सरकारी दवाखान्याकडे गेली. पुढे काय झालं, त्यांना आजही ठाऊक नाही. तेव्हापासून घरी गादीवर चादर झटकताना हात थांबतो, म्हणाल्या.

इथे मी चूक केली. “तुम्ही तरी काय करणार, तुमच्या हातात थोडंच असतं?” असं म्हणून बसले. “हे सगळेच म्हणतात,” एवढं बोलून त्या घड्याळाकडे बघायला लागल्या.

काय करावं ते कळत नव्हतं, असं त्यांचं झालंच नव्हतं. योग्य काय ते त्यांना त्याच क्षणी माहीत होतं. ते करायची वाट बंद होती. अँड्र्यू जेमटन या अमेरिकन तत्त्वज्ञाने नर्सिंगच्या नीतीवर लिहिताना १९८४ मध्ये या घुसमटीला वेगळं नाव दिलं: ‘मॉरल डिस्ट्रेस’, म्हणजे नैतिक घुसमट. अशा माणसाला ‘विसरून जा’ म्हणणं म्हणजे ‘तुला कळतं तेच चूक’ असं सांगणं.

पुढच्या भेटीत मी सांत्वन बाजूला ठेवलं. म्हटलं, “सिस्टर, दाखल करायचं की नाही ते तुमच्या हातात नव्हतं. ‘बेड नाही’ हे शब्द मात्र तुमचे होते. दोन्हींचं ओझं एकच धरू नका.” बराच वेळ त्या गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, “त्याच्या बायकोने जाताना मला थँक्यू म्हटलं, मॅडम.”

खरं टोचत होतं ते हे.

मग नियमांवर आलो. मी वकील नाही, पण एवढं प्रत्येक नर्सला माहीत हवं: मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखाव्या लागतात. इतर रुग्णांच्या बिलातले २ टक्के निर्धनांच्या निधीत जातात. जीव धोक्यात असेल तर डिपॉझिट न मागता दाखल करून प्रकृती स्थिरावेपर्यंत उपचार द्यायचे असतात. सिस्टरांच्या हॉस्पिटलच्या दारात या खाटांची पाटी होती. अकरा वर्षं त्या तिच्याखालून येत-जात होत्या!

आम्ही वाक्यांची तालीम केली, अक्षरशः मोठ्याने. “सर, परत पाठवायचं असेल तर केसपेपरवर कारण लिहून सही करा.” “मी रिपोर्टबुकात वेळ टाकतेय.” “नातेवाइकांना सोशल वर्करचा नंबर देतेय.” पहिल्यांदा म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की आम्ही दोघी हसलो. राजीनाम्याचा विषय त्यांनीच काढला होता. मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. घराचे हप्ते त्यांनाच भरायचे आहेत.

दोनेक महिन्यांनी फोन आला. तशीच एक रात्र, पेशंट बाई होती. सिस्टरनी पेन आणि केसपेपर पुढे केला. आरएमओ चिडले, सही केली नाही, पण औषध सुरू करायला सांगितलं. पहाटे बाईंना १०८ बोलावून, सोबत कागद देऊन सरकारी हॉस्पिटलात हलवलं. बेड तेव्हाही मिळाला नाही.

“आणि मला सलग तीन आठवडे नाइट लावलीय,” त्या म्हणाल्या. “बोलायला पुढच्या मंगळवारी दुपारी येऊ का? सकाळी झोपते हल्ली.”