फक्त एकाच हेडलाइटच्या आत धुकं धरतंय, अख्खा हेडलाइट बदलावा लागेल का?

तुमच्या प्रश्नातून मी एवढं घेतलं: गाडी दोन वर्षांची, ठाण्यात घोडबंदर रोडला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. जुलैपासून सकाळी उजव्या हेडलाइटच्या आत धुकं दिसतं, डावा स्वच्छ. एप्रिलमध्ये उजवा बल्ब बाहेरच्या गॅरेजात बदलून घेतला होता. सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘पावसाळ्यात होतंच’, गॅरेजवाला म्हणतो ‘अख्खा हेडलाइट टाका’. माझ्या मते दोघांनीही मागचं झाकण उघडून बघितलेलं नाही.

आधी एक गैरसमज काढू. हेडलाइट हवाबंद नसतो आणि तसा असूनही चालत नाही. दिवा लागला की आतली हवा तापते, फुगते आणि बाहेर पडते. बंद केला की तेवढीच हवा परत आत ओढली जाते. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली तर साधारण दहा टक्क्यांनी फुगते. हेडलाइटच्या आत सहा लिटर जागा धरली, तर दर खेपेला अर्ध्या लिटरहून जास्त हवेची ये-जा होते. ती होऊ दिली नाही तर सगळा ताण काच आणि बॉडीच्या सांध्यावर येतो. म्हणून मागच्या बाजूला ब्रीदर, म्हणजे हवेच्या ये-जा करायच्या वाटा, दिलेल्या असतात: कुठे रबराची वाकडी नळी, कुठे छोटी टोपी, तर कुठे नाण्याएवढी गोल चकती, जी वाफ जाऊ देते पण पाणी अडवते.

आता ठाण्याची हवा. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, येतो २७ अंशांच्या आसपास. म्हणजे काच नुसती तीन अंशांनी थंड झाली तरी आतून दव धरणार. पहाटे एक सर काचेवरून ओघळली की पुरे. त्यामुळे सर्व्हिस सेंटरचं म्हणणं अगदीच थाप नाही.

पण त्याच हवेचा हिशोब पुढे नेला की खरी गोम कळते. अशा एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम वाफ असते. सहा लिटरमध्ये ती पाव ग्रॅमही भरत नाही, सगळी गोळा केली तरी तीनेक थेंब. ती काचेवर पातळ, दुधाळ धुकं धरेल, तेही बल्बपासून लांबच्या कोपऱ्यात किंवा खालच्या कडेला. काचेवरून थेंब ओघळल्याच्या रेघा दिसत असतील, खाली तळाला पाणी हलत असेल, तर ते हवेतून आलेलं नाही. ते पाणी म्हणूनच आत शिरलंय आणि त्याला कुठेतरी वाट आहे.

तुमच्या बाबतीत दुसरा धागाही आहे. दोन्ही हेडलाइट एकाच हवेत, एकाच पावसात उभे असतात. दोन्हींत सारखं धुकं धरलं असतं तर मी हवेला दोष दिला असता. एकातच धरतंय म्हणजे त्या एकात काहीतरी वेगळं झालंय, आणि एप्रिलमध्ये हात त्यालाच लागला होता.

खात्रीसाठी संध्याकाळी लो बीम लावून माजिवड्याहून गायमुखपर्यंत जाऊन या. घोडबंदरची कोंडी बघता अर्धा तास सहज मोडतो, आणि चाचणीला तेवढाच हवा. हॅलोजन असेल तर साधं धुकं पंधरा-वीस मिनिटांत विरायला लागतं. एलईडी हेडलाइट असेल तर जास्त वेळ द्या, कारण एलईडीची उष्णता पुढे काचेकडे न येता मागच्या हीटसिंककडे (उष्णता खेचून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडे) जाते आणि काच थंडच राहते. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून ही चाचणी करू नका, धूर कोंडतो. अर्ध्या तासानंतरही धुकं जसंच्या तसं असेल किंवा नुसतं जागा बदलत असेल, तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी मागचं झाकण. बॉनेट उघडा, दिवे बंद करून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, बल्ब तापलेला असतो. एच४ बल्बवर बहुतेक ठिकाणी काळा रबरी बूट असतो, मध्ये तीन पिनांसाठी भोकं. त्याची बाहेरची कड हेडलाइटच्या बॉडीच्या गोल ओठावर (बल्बच्या तोंडाच्या उंच कडेवर) सगळीकडून बसलेली हवी. बोट कडेवरून पूर्ण गोल फिरवा. नजरेला बूट बसलेला दिसतो, पण खालच्या बाजूला कड आत दुमडलेली असते आणि तिथे बोट घसरून आत जातं. नेमकं तिथूनच, चाकाने उडवलेलं पाणी वर येतं. बऱ्याच बुटांवर वरच्या बाजूची खूण असते, ती वरच आली पाहिजे. मधली भोकं पिनांच्या मुळाशी दाबून बसवल्याशिवाय कपलर (वायरचं सॉकेट) लावू नये. घाईत बल्ब बदलताना हेच राहून जातं.

फिरवून लावायची प्लास्टिकची टोपी असेल तर तिच्या खोबणीतली रबरी रिंग तपासा. ती पिळलेली, चपटी झालेली किंवा गायबच असते. रिंग आहे पण कडक झाली असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. गॅरेजमधलं साधं ग्रीस नको, त्याने बरीच रबरं फुगतात.

आणि हो, एप्रिलमध्ये बल्ब ‘बदलला’ म्हणजे पंखावाला एलईडी टाकला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. टाकला असेल तर त्याचा मागचा भाग लांब असल्याने मूळ बूट बसत नाही. मग तो बूट कापून भोक पाडतात किंवा काढूनच टाकतात. तसं असेल तर शोध तिथेच संपला. ओठाचा व्यास पट्टीने मोजा आणि त्या मापाचं खोल रबरी झाकण आणा, नाहीतर सरळ हॅलोजनवर परत या. मी दुसरं करेन. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये (बल्बमागच्या चकचकीत आरशात) एलईडीचा झोत नीट पडतही नाही, समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

झाकण ठीक निघालं तर ब्रीदर. हेडलाइटच्या मागे, वर आणि खाली मिळून दोन ते चार असतात. घोडबंदरला बाराही महिने कुठेतरी खोदकाम चालूच, त्यामुळे नळीत चिखल सुकून गच्च बसतो. नळी ओढून काढा, धुवा, सुकवा, परत खोचा. तोंड खालच्याच दिशेला राहिलं पाहिजे. चकतीला सुई लावू नका, तिच्यावर शाम्पू किंवा पॉलिशही जाऊ देऊ नका, तिची पाणी अडवायची ताकद त्यानेच जाते. एखादा ब्रीदर पडून नुसतं भोक राहिलं असेल, तर नवी नळी मिळेपर्यंत तेवढ्याच जाडीची रबरी नळी खाली वाकवून लावा. भोक बुजवू मात्र नका. कित्येक ‘दुरुस्त’ केलेल्या हेडलाइटमध्ये ब्रीदरच सिलिकॉनने लिंपलेले असतात. मग आत राहिलेली ओल बाहेर पडायला जागाच उरत नाही आणि पुढच्या पावसात सांधा सुटतो.

इथवर काही सापडलं नाही तर सांधा किंवा तडा. पार्किंगमध्ये खांबाला हलकं टेकलं, बंपर रंगवून घेतला, पण आतला हेडलाइटचा कान (स्क्रूने अडकवायची प्लास्टिकची पट्टी) तुटला हे कोणी पाहिलं नाही, असं सर्रास होतं. कान तुटला की खड्ड्यांत हेडलाइट हलत राहतो आणि सांध्याची पकड सुटते. बंद हेडलाइटला हाताने हलवून बघा, डाव्याशी तुलना करा. नक्की जागा शोधायला पाण्याची नळी घ्या, दाब न देता नुसती धार: आधी खालच्या सांध्यावर दोन मिनिटं, मग बाजूला, शेवटी वर. प्रत्येक टप्प्याला टॉर्चने आत बघा. सुरुवात वरून केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

हेडलाइट बाहेर काढलाच असेल तर याहून बरी युक्ती आहे. झाकणं लावा, एक सोडून सगळे ब्रीदर बोटांनी दाबा, उरलेल्यावर रबरी नळी लावून तोंडाने हळू फुंका आणि सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथे बुडबुडा फुगतो तिथे चूक. कंप्रेसरची हवा अजिबात नको, चांगला सांधाही उखडेल.

सुकवणं त्यानंतर. आधी सुकवून मग कारण शोधणं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसत बसण्यासारखं. पावसाळ्यात ऊन मिळेल याचा भरवसा नाही, आणि बाहेरच्या ८५ टक्के दमट हवेत झाकण उघडं ठेवून काही सुकत नाही. सोपा उपाय घरातच आहे: बल्ब आणि झाकणं काढून हेडलाइट रात्रभर एसीच्या खोलीत ठेवा, मागचं तोंड खाली करून, खाली कापड घालून. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १३ अंशांच्या आसपास असतो, ती ओल भराभर ओढते. सकाळी झाकणं त्याच खोलीत लावा, बाहेर नेऊन नको. बल्बच्या काचेला बोट लावू नका, कापडाने धरा.

हेडलाइट काढायला अवघड असेल (बऱ्याच गाड्यांत पुढचा बंपर सोडवावा लागतो) तर शोभेच्या माशांच्या दुकानातून टाकीचा छोटा हवेचा पंप आणा. पंपाची हवा सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) भरलेल्या बाटलीतून फिरवून ब्रीदरमध्ये सोडा, दुसरा ब्रीदर उघडा ठेवा. रात्रभरात काम होतं. हेअर ड्रायर चालेल, पण कमी उष्णतेवर आणि वीतभर लांबून. रंग उकलायची हीट गन नको. आत कापड घालून पुसण्याचा मोह आवरा: रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा मुलामा बोटाच्या एका फेऱ्यात निघतो, आणि तिथे पडलेला डाग कायमचा.

सिलिका जेलच्या पुड्या आत टाकून ठेवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ब्रीदर उघडा असल्याने बाहेरची ओल येतच राहते, पुडी भरते, आणि हेडलाइट तापला की प्यायलेलं पाणी परत सोडते. शिवाय गळती झाकली जाते.

सांधा चिकटवायचा तर खालच्या कडेची माती काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कोरडं होऊ द्या आणि न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन किंवा विंडशील्डचं पॉलियुरेथेन सीलंट भरा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन बहुधा व्हिनेगरसारख्या वासाचं असतं, ती ॲसिडची वाफ आत कोंडून मुलामा खाते. फेविक्विकच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते. एमसील दगडासारखं कडक बसतं, प्लास्टिक तापून-थंड होऊन हललं की त्याला चीर जाते. सीलंट लावल्यावर चोवीस तास गाडी पावसात काढू नका. काच पूर्ण वेगळी करून नव्याने चिकटवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. जुन्या धर्तीचा ब्युटिलचा (चिकट रबरी सीलंटचा) सांधा उष्णतेने मऊ पडतो, पॉलियुरेथेनचा पडत नाही, आणि ओढाताणीत काच तडकते. तळाला ड्रिलने भोक पाडण्याचा सल्लाही सोडून द्या. पाणी जिथून जातं तिथूनच चिखलपाणी उडून आत येतं.

हे सगळं करण्याआधी वॉरंटी कार्ड बघा. मुदत शिल्लक असेल तर सीलंटला हात लावू नका. चिकटवलेला हेडलाइट कंपनी घेत नाही. सकाळी थेंब आणि रेघा दिसतील असे फोटो तीन-चार दिवस तारखेसह काढा, अर्ध्या तासाच्या फेरीनंतरचाही एक काढा आणि लेखी तक्रार द्या. ‘धुकं येतं’ असं न लिहिता ‘आत पाणी साचतं’ असं लिहा, कारण पातळ धुकं ते नॉर्मल म्हणून परत पाठवतात. तडा धडकेचा असेल तर विम्याकडे जा, पण साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (भाग जुना झाल्याची वजावट) कापतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न धरणारी जोड-पॉलिसी, असेल तर तो कापला जात नाही.

वॉशिंगला गाडी देताना एवढं सांगा की प्रेशरची बंदूक हेडलाइटच्या कडेवर आणि बॉनेटच्या आत धरायची नाही. लांबून येऊन तापलेल्या दिव्यांवर लगेच गार पाणी तर मुळीच नको. आतली हवा झटक्यात आकसते आणि कडेवरचं पाणी ओढून घेते.

हेडलाइट काढणार असाल तर त्याआधी रात्री सपाट जागी, भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करून लो बीमची वरची कड मास्किंग टेपने भिंतीवर आखून घ्या. परत बसवल्यावर झोत त्याच टेपवर आला नाही तर मागच्या ॲडजस्टिंग स्क्रूने आणायचा. टेप तोवर भिंतीवरून काढू नका आणि वॉचमनलाही सांगून ठेवा.