‘अंतिम स्पर्धक’ नव्हे!

‘फायनलिस्टला मराठीत “अंतिम स्पर्धक” म्हटलेलं चालेल का, आणि सेमीफायनलला “उपांत्य” का म्हणतात?’ असं एका वाचकानं विचारलंय.

पहिल्याचं उत्तर: चालणार नाही. परवा सोलापुरात एका एकपात्री स्पर्धेत निवेदिकेनं ‘आता येताहेत आपले अंतिम स्पर्धक’ असं पुकारलं आणि मागच्या दोन रांगा चपला शोधू लागल्या. स्पर्धक अजून चार बाकी होते! अंतिम स्पर्धक म्हणजे सगळ्यांच्या शेवटी येणारा. फायनलिस्ट हा ‘अंतिम फेरीतला स्पर्धक’. फेरी गाळायची असेल तर सरळ फायनलिस्ट म्हणा.

त्याच मंचामागच्या फलकावर ‘अंतीम फेरी’ असं दीर्घ ती काढून छापलं होतं. हे मला रोज कुठे ना कुठे दिसतं आणि रोज तितकंच खुपतं.

आता उपांत्य. ‘उपाध्यक्षातला उप तोच इथला, म्हणून उपांत्य म्हणजे दुय्यम अंतिम’ असं शिकवणारे शिक्षक आहेत. साफ चूक. इथला उप म्हणजे जवळचा. अंत्याच्या लगेच आधीचं ते उपांत्य. हा व्याकरणातला शब्द. शेवटून दुसऱ्या वर्णाला पाणिनीनं ‘उपधा’ ही संज्ञा दिली: ‘अलोऽन्त्यात् पूर्व उपधा’. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांत शेवटून दुसऱ्या अक्षरासाठी ‘उपांत्य’ येतो. खेळाच्या पानावर तो ज्यानं प्रथम नेला, तो माणूस व्याकरणात मुरलेला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं.

आणि गंमत पाहा, ‘अंतीम’मधली चूक नेमकी उपांत्य अक्षरातच आहे. अकारान्त शब्दाचा उपांत्य इकार मराठीत दीर्घ: गरीब, वकील, जमीन. त्याच ओघात लोक अंतीम लिहितात. पण तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना हा नियम लागत नाही, हे नियमातच सांगितलंय. अंत अधिक इम, अंतिम. अग्रिम, पश्चिम त्याच घडणीचे. पश्चीम लिहाल का?

उपांत्यपूर्व फेरीही यातच आली. ‘अंतिम’ हाच शब्द अक्षर अक्षर सुटा करा: अं उपांत्यपूर्व, ति उपांत्य, म अंत्य.