साटामध्ये जायचंय ना, मग रडारच्या आधी हे वाच

अगं बाळ,

तुझा मेसेज वाचला. ओटीएची, म्हणजे लष्करी ऑफिसर घडवणाऱ्या अकादमीची, तयारी चालू आहे आणि आर्टिलरी मिळाली तर साटाच (शत्रूवर नजर ठेवून त्याच्या तोफा शोधणारी तोफखान्याची शाखा) पाहिजे म्हणतेस, फार बरं वाटलं, कारण सगळे तोफ बघतात, तोफेला कुठे मारायचं हे सांगणारे कोण ते कुणी विचारतच नाही. एप्रिल 2023 मध्ये पहिल्या पाच मुली तोफखान्यात ऑफिसर झाल्या, त्यातली एक साटा रेजिमेंटलाच गेली, म्हणजे वाट उघडी आहे. पण तुझ्या नोट्स सगळ्या रडारच्याच आहेत, रेंज, बँड, ट्रक. तिथून सुरुवात नको करू.

पहिल्या महायुद्धापासून कर. लॉरेन्स ब्रॅग, 1915 ला वयाच्या 25व्या वर्षी फिजिक्सचं नोबेल, आणि त्याच वर्षी हा माणूस फ्रान्समध्ये आघाडीवर, जर्मन तोफा आवाजावरून शोधायला. ओळीने सहा मायक्रोफोन, प्रत्येकाकडे आवाज थोडा पुढेमागे पोचतो, तो फरक फिल्मवर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचायचा आणि त्यावरून तोफेची जागा काढायची. अडचण अशी की गोळा आवाजापेक्षा फास्ट, त्याचा कडाड आधी येतो आणि साधा मायक्रोफोन त्यालाच उसळतो, तोफेचा खरा घुमारा, जो कानाला जेमतेम कळतो, तो हातातून जातो. मग 1916 मध्ये ब्रॅगच्याच टीममधल्या टकर नावाच्या एकाने पेटीच्या भोकावर प्लॅटिनमची बारीक तापलेली तार बसवली. घुमाऱ्याने हवा हलली की तार गार होते, करंट बदलतो, आणि कडाडाला ती फारशी दाद देत नाही. मला सगळ्या इतिहासात ही तार सगळ्यात जास्त आवडते. नोव्हेंबर 1917 ला काँब्रेला ब्रिटिशांनी आधी ट्रायल फायर न करता एकदम मारा सुरू केला, जर्मन तोफा कुठे आहेत ते बरंचसं नकाशावर आधीच मांडलेलं होतं.

रडार हेच काम गोळ्याच्या वाटेवरून करतं. गोळा हवेत काही सेकंद पकडायचा, वाट मागे नेत नेत जमिनीला टेकवायची. ती जमीन किती उंचीवर आहे हे चुकलं की जागा चुकली, डोंगरात तर फारच. 1999 ला कारगिलमध्ये आपल्याकडे मॉर्टर शोधणारी जुनी ब्रिटिश सिंबेलाइन रडार होती, पाकिस्तानकडे अमेरिकन टीपीक्यू-36 रडार, आणि आपले कितीतरी जवान तोफांच्या माऱ्यात गेले. मला अजून याचा त्रास होतो. मग 2002 ला अमेरिकन टीपीक्यू-37 रडार घ्यायचा करार झाला, आणि बेंगळुरूच्या एलआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या रडार लॅबने, आकाश मिसाइलच्या राजेंद्र रडारवरून तोफा शोधणारं स्वाती रडार बनवलं, तोफ 30 किमीपर्यंत, रॉकेट 40 किमीपर्यंत.

आता खरं सांगायचंय ते. मायक्रोफोन असो नाहीतर स्वाती, स्वतः कुठे उभे आहात आणि उत्तर दिशा कुठे आहे हे पक्कं नसेल तर पुढचं सगळं वाया. दिशेत एक मिल चुकली, म्हणजे वर्तुळाचा 6400 वा भाग, की 20 किमीवर सुमारे 20 मीटर घसरलात. म्हणून लोकेटिंगवाले, म्हणजे तोफा शोधणारे, सर्व्हे (मोजमाप करून जागा आणि दिशा पक्की करणं) शिकूनच वाढले, आणि युनिटचा इतिहास वाचताना सर्व्हेच्या लोकांची पानं गाळू नकोस.

दोन गोष्टी कर. होकायंत्र आणि टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा सविस्तर नकाशा) घेऊन वेताळ टेकडीवर जा, सिंहगडचा टॉवर, पर्वती आणि अजून एक ओळखीची जागा धर, तिन्हींची दिशा होकायंत्रावर वाच, नकाशावर त्या जागांपासून तिन्ही रेषा उलट्या ओढून स्वतःची जागा काढ, जीपीएस नंतर बघायचं. दुसरं, कॉलेजच्या ग्राउंडवर परवानगी काढून चार मैत्रिणींचे फोन लांब लांब ठेवून रेकॉर्डिंग लाव, आधी माहीत असलेल्या जागेवर एक सुतळी बॉम्ब, त्यावरून चारही रेकॉर्डिंग जुळवून घे, मग दुसरा कुठे फुटला ते तुला न बघता काढायचंय. 0.1 सेकंदाला साधारण 34 मीटर धर. त्या दिवशीचं तापमान आणि वारा लिहून ठेव, ब्रॅगची माणसंसुद्धा माहीत असलेल्या जागी स्फोट करून हाच हिशोब करत. आकडे घेऊन रविवारी वानवडीला घरी ये, काकू थालीपीठ करेल.

तुझा,
काका