डेटाबेसमध्ये 'कोल्हापुरी गूळ' टाकलं की काहीच येत नाही. शोधनिबंध शोधायचे कसे?

तुम्ही म्हणता की एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गूळ विषय घेतलाय, पण ग्रंथालयाचा डेटाबेस रिकामा येतो आणि गुगलवर सापडलेले निबंध पैसे मागतात. मी कोल्हापुरातच, याच विषयावर काम केलंय.

आधी शब्द बदला. डेटाबेस बहुतेक वेळा लेखकाने शीर्षकात किंवा सारांशात वापरलेलाच शब्द शोधतो. आपल्या गुळाला भारतीय लेखक 'जॅगरी' म्हणतात, कोलंबियातले 'पनेला', आणि शास्त्रीय नाव आहे 'नॉन-सेंट्रिफ्युगल केन शुगर'. हे तिसरं नाव मला कळेपर्यंत दोन महिने गेले होते, म्हणून कळकळीनं सांगतोय. तिन्ही नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, मध्ये 'ऑर' घालून एका कंसात लिहा. लांब नाव अवतरणचिन्हांत ठेवा. मग 'अँड' आणि पुढे तुमचा प्रश्न. समजा, काहिलीत (उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईत) वर येणारी मळी काढायला गुऱ्हाळावर भेंडीचा चिकट रस घालतात, त्यावर काम करायचंय. तर दुसऱ्या कंसात 'ओक्रा' आणि झाडाचं लॅटिन नाव 'अबेलमॉस्कस' घाला. तिसऱ्यात 'क्लॅरिफिकेशन' (रस स्वच्छ करणं) याचं नुसतं 'क्लॅरिफ' एवढंच लिहून पुढे तारका (*) द्या, म्हणजे त्या मुळापासून झालेले सगळे शब्द येतात. 'कोल्हापूर' सुरुवातीला नकोच, त्यानं जाळं फार लहान होतं.

एक चांगला निबंध हाती लागला की निम्मं काम झालं. त्याची संदर्भसूची मागे नेते, आणि 'साइटेड बाय' पुढे, म्हणजे नंतर त्याचा आधार कुणी घेतला तिकडे. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध ठेवणाऱ्या संकेतस्थळावरचे, गुळावरचे प्रबंधही उघडा. ते मोफत आहेत, आणि दुसऱ्या प्रकरणात कुणीतरी हीच शोधाशोध करून ठेवलेली असते.

पैसे मात्र भरू नका. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू आहे. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं त्यातून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मिळतात. तुमचं कॉलेज त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून वाचता येईल का, तेही त्यांनाच विचारा. जाताना शब्दांची यादी न्या. नुसतं "गुळावर काहीतरी द्या" म्हटलं तर त्यांनाही कुठून सुरुवात करावी कळत नाही.

आणि प्रत्येक शोध वहीत तारखेसह उतरवा: कुठला डेटाबेस, कुठले शब्द, किती निकाल. मार्गदर्शक हे विचारतातच.